‘बडतर्फ’ कोणाला म्हणावं?

प्रश्न : ब्रिटनच्या फायटर कमांडचे, म्हणजे हवाई दलातल्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, प्रमुख ह्यू डाउडिंग यांना १९४०मध्ये ‘बडतर्फ’ केलं, असं वाचलं. शब्द बरोबर आहे का?

नाही! निलंबन असो, बदली असो, सक्तीची निवृत्ती असो, हल्ली सरसकट ‘बडतर्फ’ ठोकून देतात. बडतर्फी म्हणजे शिक्षा म्हणून नोकरीतून कायमचं काढणं. निलंबित माणूस नोकरीतच असतो, निर्वाहभत्ताही घेतो.

पण शब्दाचं कूळ बघा. फारसी ‘बर’ म्हणजे वर, अरबी ‘तरफ’ म्हणजे बाजू. बर-तरफ म्हणजे बाजूला सारलेला. हाच बर ‘बरहुकूम’मध्ये आहे. हीच तरफ ‘एकतर्फी’, ‘दुतर्फा’त आहे आणि कोकणात गावांच्या नावांना चिकटलेली महसुली ‘तर्फ’ही तीच. काही विद्वान ‘बद’ म्हणजे वाईट अशी फोड करतात, ती साफ चूक. उर्दूत आजही बरतरफच म्हणतात. बदतरफ कोण म्हणतं ते दाखवा. ‘र’चा ‘ड’ झाला तो, माझ्या मते, एका शब्दात दोन ‘र’ जिभेला जड गेले म्हणून.

मूळ अर्थाने मात्र डाउडिंग तंतोतंत बर-तरफ झाले. रडारची आणि निरीक्षकांची खबर बेंटली प्रायरी या मुख्यालयात पारखून नकाशाच्या टेबलावर मांडायची आणि विमानं नेमकी तिकडेच धाडायची, ही व्यवस्था त्यांनी १९३६पासून उभी केली. आणखी लढाऊ विमानं फ्रान्सला पाठवू नका, असं मे १९४०मध्ये लेखी बजावलं. जर्मन हवाई दलाविरुद्धची ‘ब्रिटनची लढाई’ जिंकली. पण विमानांचे मोठे जथे करून लढा म्हणणाऱ्या ली-मॅलरी या त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याच्या बाजूचं हवाई मंत्रालयात वजन वाढलं, १७ ऑक्टोबरच्या बैठकीत डाउडिंग आणि त्यांचे दुसरे सहकारी पार्क यांनाच धारेवर धरलं गेलं आणि नोव्हेंबरात शोल्टो डग्लस डाउडिंग यांच्या जागी आले. डाउडिंगना अमेरिकेला पाठवलं. १९४१मध्ये मंत्रालयाने या लढाईवर पुस्तिका काढली, तिच्यात त्यांचं नावसुद्धा नाही! तरी हुद्दा शाबूत, १९४२मध्ये निवृत्ती, १९४३मध्ये उमरावकी. म्हणून ‘पदावरून दूर केलं’ असंच लिहा.

बडतर्फ शोभतं ते सोव्हिएत हवाई दलाचे प्रमुख नोविकॉव्ह यांना. १९४६मध्ये स्टॅलिनने त्यांना पकडलं, हुद्दा काढून घेतला, तुरुंगात टाकलं. स्टॅलिन गेल्यावर १९५३मध्ये हुद्दा परत मिळाला. त्याला शब्द आहे ‘बहाल’ : ब-हाल, पूर्वीच्या हालतीत. आपण मात्र पदव्या आणि पुरस्कार ‘बहाल’ करत सुटलो आहोत.