काउंट नॉर्मल, तरी दिवस का जात नाहीत?

तुम्ही विचारलंय, मुलाच्या वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दोष सुनेचाच ना? नाही. मी दारव्ह्याकडे लॅबमध्ये रोज हेच रिपोर्ट काढतो. आम्ही शुक्राणू मोजतो, हालचाल आणि आकार पाहतो. आतली प्रथिनं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. सरकी पोतंभर असली म्हणून सगळी उगवतेच असं थोडंच आहे!

शुक्राणूच्या डोक्यावर इझुमो-१ नावाचं प्रथिन असतं. ते स्त्रीबीजावरच्या जूनो प्रथिनाला धरतं, तेव्हाच दोघं एक होतात. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी इझुमो ओळखलं आणि लग्न जुळवणाऱ्या देवळाचं नाव त्याला दिलं (मला हे फार आवडतं). शेपटीतलं कॅटस्पर नावाचं प्रथिन बिघडलं, तर बीजाचं कवच भेदायला लागणारा जोराचा फटका बसत नाही. प्रोटामाइन हे प्रथिन डीएनए दाबून ठेवतं, प्रेसमधल्या कापसाच्या गाठीसारखं. ते कमी पडलं की डीएनए तुटू शकतो.

ही तुटफूट मोजणारी टेस्ट असते, डॉक्टरांना विचारा. आणि मुलगा तंबाखूचा खर्रा खात असेल तर आधी तो बंद. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी करा.