कायदा पाळतोच आहोत, मग छोट्या केमिकल कारखान्याने ‘रिस्पॉन्सिबल केअर’ घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: एमआयडीसीतला साठ-सत्तर माणसांचा बॅच प्लँट, सगळे परवाने जागेवर, आणि आता एक्स्पोर्टचं गिऱ्हाईक ‘रिस्पॉन्सिबल केअर’ (रसायन उद्योगाचा स्वेच्छेचा सुरक्षा कार्यक्रम) आहे का विचारतंय. घ्यावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

जरूर घ्या, पण त्याच्या लोगोची घाई करू नका.

कायदा पाळून भागत का नाही, ते क्लोरीनवरून बघा. एका टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, 900 किलो क्लोरीन असतं. समजा तुमच्याकडे असे दहा टोनर आहेत, म्हणजे झाले 9 टन. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत क्लोरीनची खालची मर्यादा 10 टन आहे. त्यामुळे साइट नोटिफिकेशन (जागेची सरकारला माहिती देणं) आणि ऑनसाइट प्लॅन (कारखान्याच्या आतला इमर्जन्सी आराखडा) यांची त्यातली कलमं तुम्हाला लागू होत नाहीत. पण एकाच टोनरचा व्हॉल्व्ह गळला तरी शेजारच्या प्लॉटवरच्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं.

भोपाळनंतर, 1985 साली कॅनडातल्या रसायन उत्पादकांनी ‘रिस्पॉन्सिबल केअर’ सुरू केलं. आपल्याकडे हा कार्यक्रम मुंबईची इंडियन केमिकल कौन्सिल चालवते. प्रोसेस सेफ्टी, कामगारांचं आरोग्य, प्रदूषण, वाहतूक, इमर्जन्सी वगैरेंच्या संहिता आहेत. ऑडिट पार पडलं की लोगो तीन वर्षांसाठी वापरता येतो. नुसतं सभासद होऊन काही सुधारत नाही, हेही लक्षात ठेवा. किंग आणि लेनॉक्स या संशोधकांनी 2000 साली अमेरिकेतले आकडे मांडले, तेव्हा सभासद कंपन्यांची सुधारणा बाहेरच्या कंपन्यांपेक्षा संथ निघाली. पुढे तिथे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी सक्तीची झाली.

सुरुवात एमओसीपासून (मॅनेजमेंट ऑफ चेंज) करा, म्हणजे प्लँटमधल्या प्रत्येक बदलाची आधी नोंद आणि मंजुरी. बॅच प्लँटमधले बरेच अपघात ‘एवढंसं तर बदललंय’ यातूनच होतात. पीटीएफईची (टेफ्लॉनची) गॅस्केट संपली म्हणून स्टोअरमधली सीएएफ, म्हणजे ॲस्बेस्टॉसची, लावली, आणि तीव्र ॲसिडच्या लाइनवर ती खाल्ली गेली. किंवा ऑर्डर मोठी आली म्हणून तीच रेसिपी मोठ्या रिॲक्टरमध्ये घेतली. त्याच आकाराच्या रिॲक्टरचा व्यास दुप्पट झाला की आतला माल आठपट होतो, जॅकेटचं, म्हणजे थंड करणाऱ्या बाहेरच्या आवरणाचं, क्षेत्रफळ फक्त चौपट. उष्णता आठपट निघणार आणि ती काढायला जागा चौपटच, म्हणून डोसिंगचा, म्हणजे माल हळूहळू सोडण्याचा, वेळ नव्याने ठरवावा लागतो.

स्टरर, म्हणजे माल ढवळणारं यंत्र, बंद पडण्याचा धोका तर अजून लपून राहतो. लाइट गेली, स्टरर थांबला, पण डोसिंग चालूच राहिलं, तर न मिसळलेला माल साचत जातो. लाइट आल्यावर ऑपरेटर घाईने स्टरर सुरू करतो आणि साचलेली सगळी रिॲक्शन एकदम पेटते. त्यासाठी स्टरर ट्रिप झाला किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं की डोसिंग व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायलाच हवा. वीज किंवा हवा गेली तरी तो बंद स्थितीत जाणारा घ्या. ‘स्टरर थांबला होता, आता काय?’ याची लेखी मराठी सूचना रिॲक्टरशेजारीच लावा: परत चालू करायचा नाही, शिफ्ट इनचार्जला बोलवायचं. पुढे काय करायचं ते त्या रिॲक्शनचा अभ्यास असलेल्या माणसाकडून आधीच ठरवून घ्या. डोसिंग आपोआप बंद करणारी ही व्यवस्था (इंटरलॉक) बायपास करायची झाली तर त्यालाही एमओसी लागतो, आणि बायपास कधी काढणार ते फॉर्मवर लिहिलेलं हवं.

फॉर्म एका पानाचाच ठेवा, नाहीतर कोणी भरणार नाही. काय बदलतंय, का, नवा धोका काय, एसओपी आणि ड्रॉइंग सुधारलं का, तिन्ही शिफ्टना सांगितलं का, एवढं पुरे. प्रॉडक्शनच्या सहीबरोबर मेंटेनन्सचीही सही घ्या.

दुसरं काम निअर-मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर. ते कोरं राहिलं तर माणसं सांगायला घाबरतायत असं समजा. नोंद करणाऱ्याला एकदा जरी मेमो दिलात तर रजिस्टर तिथेच बंद पडेल.

मॉक ड्रिल रात्रपाळीतही घ्या, कारण सेफ्टी ऑफिसर तेव्हा घरी असतो. तुमच्या वसाहतीत मार्ग, म्हणजे परस्पर मदत गट, असेल तर त्यांनाही बोलवा. त्यांचे फोम टेंडर (फेसाचे अग्निशमन बंब) आणि श्वसनसंच तुमच्या गेटपर्यंत किती मिनिटांत येतात ते मोजून ठेवा.

वर्षभराचे एमओसी आणि निअर-मिस हातात आले की मग लोगोसाठी अर्ज करा.