धूमकेतूची छायाचित्रे आणि न दिसणारा बर्फ

प्रश्न : युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाने पाठवलेली धूमकेतूची छायाचित्रे मी बारकाईने पाहिली. त्यांत बर्फ कुठेच दिसत नाही. दिसतो तो कडेकपारींनी भरलेला करडा खडक. मागच्या आकाशात एकही तारा नाही, काही चित्रांत सांधे नीट जुळत नाहीत आणि चित्रांवर प्रक्रिया केल्याचे ती संस्था स्वतःच सांगते. धूमकेतू हा निव्वळ खडक असून सौरवातातील, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या कणांच्या झोतातील, हायड्रोजन आणि खडकातील ऑक्सिजन यांच्या संयोगाने त्याभोवती पाणी तयार होते, असेही वाचनात आले. मग धूमकेतूत बर्फ असतो हे कशाच्या आधारावर मानायचे?

उत्तर : आपण जे पाहिले ते बरोबरच पाहिले. रोझेटाने टिपलेल्या ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूचा पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्के प्रकाश परावर्तित करतो, म्हणजे तो जवळजवळ कोळशाइतका काळा आहे. छायाचित्रांत तो करडा दिसतो, कारण बारकावे कळावेत म्हणून चित्राचा उजळपणा वाढवलेला असतो. प्रक्रिया म्हणतात ती मुख्यतः हीच. अर्थात एखादे चित्र किती उजळले आहे हे त्याच्या खालीच लिहिले असते, तर बराच गैरसमज टळला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तारे न दिसण्याचे कारणही प्रकाशाचेच आहे. उन्हात असलेल्या पृष्ठभागासाठी कॅमेऱ्याची झडप अगदी थोडा वेळ उघडली जाते आणि तेवढ्या वेळात अंधूक ताऱ्यांची नोंद होत नाही. सांध्यांचे म्हणाल, तर दिशादर्शक कॅमेऱ्याची अनेक चित्रे चार चौकटी जोडून केलेली आहेत. त्या चौकटी टिपायला सुमारे २० मिनिटे लागत. स्वतःभोवती साधारण साडेबारा तासांत एक फेरी पूर्ण करणारा धूमकेतू तेवढ्या अवधीत दहाएक अंशांनी वळलेला असे आणि यानही जागचे हललेले असे. अशा चौकटी तंतोतंत जुळल्या असत्या, तरच शंका घ्यायला जागा होती.

मात्र बर्फाचा निर्णय मुळात छायाचित्रे पाहून झालेलाच नाही, हे लक्षात घ्यावे. रोझेटा ऑगस्ट २०१४ मध्ये धूमकेतूपाशी पोहोचले. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यानाच्या वेगात जे सूक्ष्म बदल होत, ते यानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या वारंवारतेत उमटत, आणि त्यांवरून धूमकेतूचे वस्तुमान सुमारे १,००० कोटी टन निघाले. आकारमान निघाले सुमारे १८.७ घन किलोमीटर. एवढ्याच आकारमानाचे पाणी १,८७० कोटी टन भरते आणि सलग खडक ५,००० कोटी टनांच्याही पुढे जातो. म्हणजे हा दिसायला खडक असलेला गोळा पाण्याच्या जवळपास निम्म्या घनतेचा आहे. नुसता पोकळ, भुसभुशीत खडक मानून हा हिशेब जुळवायचा, तर त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग रिकामा धरावा लागेल. आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचा उलगडा तरीही होणार नाही.

वाफ सौरवातामुळे तयार होते हा तर्क म्हणूनच तपासून पाहायला हवा. सौरवातातल्या हायड्रोजनमध्ये ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जवळजवळ नसतोच, कारण सूर्याने आपल्याजवळचा ड्युटेरियम फार पूर्वीच जाळून टाकला आहे. धूमकेतूभोवतीचे पाणी या हायड्रोजनपासून बनत असते, तर त्यातही ड्युटेरियम नावापुरताच सापडला असता. रोझेटावरील उपकरणाने प्रत्यक्ष मोजले, तेव्हा त्या पाण्यातील ड्युटेरियमचे प्रमाण पृथ्वीवरील समुद्राच्या तिपटीहूनही अधिक भरले. इतके जड पाणी सूर्याकडून येऊ शकत नाही. ते सूर्यमाला घडत असताना दूरच्या थंडीत गोठलेलेच असले पाहिजे.

तरीही बर्फ डोळ्यांनी पाहायचाच असेल, तर त्याचीही सोय आहे. या धूमकेतूवर अस्वान नाव दिलेला १३४ मीटर उंचीचा एक कडा आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे ७० मीटर लांबीची भेग आधीच्या छायाचित्रांत दिसत होती. १० जुलै २०१५ रोजी त्या भागातून धुळीचा मोठा लोट उसळला आणि पाचच दिवसांनी टिपलेल्या चित्रात कड्याची कड कोसळून आतला भाग उघडा पडलेला दिसला. तो भाग किमान चाळीस टक्के प्रकाश परावर्तित करत होता, म्हणजे भोवतालापेक्षा सहापटींहून अधिक उजळ होता. पुढे सूर्याच्या उष्णतेने बर्फाची थेट वाफ होत गेली आणि वर्षभरात ती चकाकी जवळपास लोपली. पृष्ठभागावर बर्फ का दिसत नाही, याचे उत्तर या एका कड्यावर मिळते: तो टिकतच नाही, मागे राहतो तो धूळ आणि काळ्या कार्बनी द्रव्यांचा थर.

एक गोष्ट मात्र शंका घेणाऱ्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडलेली धूळमिश्रित बर्फाची कल्पना आज जशीच्या तशी उरलेली नाही. बहुतेक अलीकडच्या अंदाजांनुसार धुळीचे वजन बर्फापेक्षा जास्त आहे, आणि स्टारडस्ट यानाने विल्ड-२ या धूमकेतूची जी धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, तिच्यात सूर्याजवळच्या तीव्र उष्णतेतच घडू शकतील असे खनिजकणही सापडले.

प्रश्न : आंतरतारकीय, म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेला, धूमकेतू ३आय/ॲटलसचे मंगळाजवळून घेतलेले चित्र उशिरा प्रसिद्ध झाले आणि तेही धूसर होते. काही लपवले का?

उत्तर : ते चित्र मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावरील कॅमेऱ्याने २ ऑक्टोबर २०२५ रोजी टिपले गेले आणि १९ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाले. मधल्या काळात अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी ठप्प होते. धूसरपणाचे कारण अंतर हे आहे. तो कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून मंगळाची भूमी न्याहाळण्यासाठी बनवलेला आहे, तर धूमकेतू तेव्हा तीन कोटी किलोमीटरांवर होता. चित्रातला एकेक पिक्सेल सुमारे ३० किलोमीटरांचा झाला. घटकद्रव्ये ओळखायला मात्र रेखीव चित्र लागत नाही, वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, लागतो. जेम्स वेब दुर्बिणीने याच धूमकेतूचा वर्णपट ऑगस्टमध्येच घेतला होता, आणि त्याच्या वायूंत कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट असल्याचे त्यातून आढळले.