नागपुरात पर्यावरणाचा विचार करून एसी घ्यावा की कूलर?

कूलर. एवढंच उत्तर पाहिजे असेल तर इथंच थांबा, पुढं मी लांबण लावणार आहे.

तुम्ही लिहिलंय की बेसा रोडला नवीन टू बीएचके घेतला, पहिला उन्हाळा तोंडावर आहे, पैसे एकाच वस्तूपुरते आहेत आणि पर्यावरणाचं त्यातल्या त्यात कमी नुकसान होईल असं काहीतरी घ्यायचंय. खाली जोडून हेही विचारलंय की रोजच्या खरेदीत अजून काय काय बदलता येईल. त्या दुसऱ्या प्रश्नाला शेवटी दोन ओळी देतो. पहिल्यावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या सोसायटीच्या कमिटीशी माझं चांगलंच वाजलेलं आहे आणि अजून पूर्ण मिटलेलं नाही.

मी थर्मलमधून, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर झालो. नोकरी सगळी कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवून आत पाठवायच्या कामाला. वॅगन टिपलरवर मालगाडीचा भरलेला डबा उचलून उलटा होतो, कोळसा खाली हॉपरमध्ये जातो आणि धुळीचा असा लोट उठतो की पाण्याचे फवारे चालू असले तरी घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. त्यामुळे "एसीनं कुठं प्रदूषण होतं, धूर थोडीच निघतो" असं कोणी म्हटलं की माझं डोकंच सटकते. धूर निघतो ना बावा, फक्त तुमच्या गॅलरीतून नाही निघत, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमणीतून निघतो आणि त्या चिमण्या तुमच्या टेरेसवरून स्वच्छ हवेच्या दिवशी दिसतात.

हिशेब सोपा आहे. दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी भर मे महिन्यात तासाला एक युनिट धरा, कधी कमी कधी जास्त, म्हणजे रात्रीचे आठ-दहा युनिट. मोठा डेझर्ट कूलर दोनशे वॅटच्या आसपास, तेवढ्याच वेळात दोन युनिट. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागं 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड वर जातो. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 40 टक्के नुसती राख असते, म्हणजे एसीच्या एका रात्रीमागं दोनेक किलो राख कुठंतरी जाऊन पडते. कुठं, तर ऍश बंडमध्ये, म्हणजे बांध घालून केलेल्या राखेच्या तळ्यात. काही सिमेंटला, विटांना जाते, बाकीची पाण्यात कालवून पाइपनं तळ्यात सोडतात. 2022 च्या जुलैच्या पावसात कोराडीचा खसाळ्याचा बंड फुटला न ती राख कोलार नदीतून कन्हानपर्यंत गेली. कन्हानचं पाणी कोण पितं हे नागपूरकराला सांगायला नको. (वीज ग्रीडमधून येते, तुमच्या घरी नेमकी कोराडीचीच येते असं नाही, सोलरचीही त्यात मिसळते, हे मला ठाऊक आहे. पण सोलर रात्री नसतं आणि एसी रात्री चालतो.)

आता सोसायटीचं सांगतो. आम्ही महालातलं जुनं घर सोडून मनीष नगरकडं फ्लॅटमध्ये आलो. येताना जुना लोखंडी बॉडीचा कूलर घेऊन आलो, मोटर चांगली, पातं चांगलं, फक्त बुडाला गंज. तो खिडकीबाहेर बसवायला वेल्डर बोलावला, अँगलचा स्टँड मोजून झाला, तेवढ्यात वॉचमन वर आला की सेक्रेटरी साहेबांनी काम थांबवायला सांगितलंय. काऊन? तर "काका, एलिव्हेशन खराब होते." एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंगची दर्शनी बाजू. मी खाली जाऊन बिल्डिंगकडं पाहिलं. समोरच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर एसीचे आउटडोअर युनिट लटकलेले, त्यांचे काळे पाइप भिंतीवरून लोंबून राहिलेले, खाली पाण्याचे ओघळ, आणि एलिव्हेशन खराब करणार माझा कूलर! वर खजिनदाराचा आउटडोअर बरोब्बर माझ्या गॅलरीच्या तोंडाशी, दुपारी तिथं उभं राहिलं तर भट्टीपुढं उभं राहिल्यासारखं वाटतं. त्याच्या बेडरूममधली उष्णता माझ्या गॅलरीत, वरून कंप्रेसरनं खाल्लेल्या विजेची उष्णताही त्यातच, आणि त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

कमिटीनं मला सुचवलं की कूलर घरातच ठेवा, चाकं असलेला प्लॅस्टिकचा मिळतो तसा. इथंच सगळे चुकतात म्हणून नीट लिहितो. कूलर थंडी तयार करत नाही, तो बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती हवेतून जाते. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता हवेतून कमी होते. पण हे कधी, तर हवा कोरडी असेल तेव्हा. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी हवेत दमटपणा नावालाच असतो, म्हणून नागपूर कूलरसाठी देवानं बनवलेलं गाव आहे. तोच कूलर तुम्ही बंद खोलीत ठेवला की तो त्याचीच ओली हवा परत परत ओढतो, अर्ध्या तासात खोलीत चिपचिप, चादरी दमट, आणि मग माणूस म्हणतो कूलर आउटडेटेड आहे, चला एसी घेऊ. म्हणजे कूलर खिडकीबाहेर पाहिजे आणि समोरची एक खिडकी किंवा दार चार बोटं उघडं पाहिजे, हवा निघून जायला. ही गोष्ट बिल्डरला कळत नाही, तो खिडकीखाली आउटडोअरसाठी छज्जा काढतो पण कूलरच्या स्टँडला जागा ठेवत नाही, आणि मग आपल्याला वाटतं एसी आपण निवडला. निवडला कुठं, नकाशातच निवडून दिलेला होता.

मीटिंगमध्ये खजिनदारानं एक मुद्दा मात्र बरोबर काढला, तो मान्य करावा लागेल. म्हणाला कूलर पाणी किती खातो पाहा. खातो. मोठा कूलर तासाला दहा लिटर सहज उडवतो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, त्याहून जास्त. थर्मललाही पाणी लागतं, जुन्या प्लांटला नियमानं एका युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा आहे, म्हणजे एसीच्या रात्रीमागं पस्तीस लिटर आणि कूलरचं शंभर. शिवाय कोराडीला भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी जातं आणि कूलरमध्ये आपण पेंच नदीवरच्या धरणातून येणारं पिण्याचं पाणी ओततो. 2019 च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं तेव्हा महापालिकेला एक दिवस सोडून पाणी द्यावं लागलं होतं, हे मी विसरलेलो नाही. पण हा मुद्दा कोणी काढावा? ज्याचा ड्रायव्हर रोज सकाळी पाइप लावून दोन गाड्या धुतो त्यानं? मी मीटिंगमध्ये तेवढंच बोललो आणि पुढची पंधरा मिनिटं कूलरचा विषय निघालाच नाही, पार्किंगचाच चालला.

शेवटी परवानगी मिळाली, मागच्या बाजूच्या ड्राय बाल्कनीकडून, आणि बिल्डिंगच्या रंगाचाच रंग मारायचा या अटीवर. लेखी घेतली. पत्रात "प्रायोगिक तत्त्वावर" असं लिहिलंय, म्हणजे दर उन्हाळ्यात कोणीतरी येऊन पाहून जातं की प्रयोग संपला का. वेल्डरनं बुडाचा पत्रा बदलून दिला, आतून डांबर मारलं, गवतावर पाणी चढवणारा छोटा टुल्लू पंप नवा टाकला. नव्या कूलरच्या मानानं खर्च किरकोळ. लोखंडी कूलरचं हेच आहे, त्याचा प्रत्येक भाग गल्लीत दुरुस्त होतो. प्लॅस्टिकच्या बॉडीला एक तडा गेला की नंतर ना मेकॅनिक हात लावतो ना भंगारवाला नीट भाव देतो. तेव्हा घ्यायचाच तर लोखंडी घ्या, दिसायला गावठी असला तरी.

गवताचं म्हणाल तर साधं वूडवूल दर वर्षी बदलावं लागतं, आणि नाही बदललं तर मार्चमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर घरभर कुबट वास. गवताऐवजी मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार हनीकोंब पॅड महाग पडतो पण नीट धुतला तर काही उन्हाळे काढतो. वाळ्याची ताटी लावली तर वास काय येतो ते सांगून कळणार नाही, मात्र पहिले काही दिवस तांबूस पाणी गळतं, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये टाकायची आयडिया सगळ्यांनाच सुचते. नका टाकू, क्षार जास्त असतात, गवतावर पांढरा थर धरतो आणि हवाच जात नाही. त्या पाण्यानं फरशी पुसा.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी आहेत. मृग लागला, हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपतो, जून-जुलैच्या त्या घामट दिवसांत तो फक्त मोठा पंखा असतो. घरात दम्याचा पेशंट, तान्हं बाळ किंवा फार म्हातारं माणूस असेल तर एका खोलीला एसी ठेवा आणि कोणाचं ऐकू नका. 2013 च्या मे महिन्यात नागपूर 47.9 ला गेलं होतं, तसल्या दिवसांत तत्त्वं सांगत बसायचं नसतं. मग एसी घेतलाच तर फाइव्ह स्टार घ्या, आणि 24 वर ठेवून पंखा लावा. 2020 पासून नवे एसी चालू केले की 24 वरच येतात, ते मुद्दाम केलंय, लोक लगेच 18 करतात तो भाग वेगळा. एकेका डिग्रीला सहाएक टक्के वीज वाचते. आणि दर उन्हाळ्यात "गॅस भरून द्या" म्हणून मेकॅनिकला बोलावत असाल तर समजा कुठंतरी लीक आहे, आधी ते शोधायला लावा. नव्या एसीतला R32 गॅस हवेत गेला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापवतो, जुन्या एसीतला R22 तर अठराशे पट. गॅस आपोआप संपत नसतो, मेकॅनिक काही म्हणो.

आणि कूलरवाल्यांनो, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा आणि आतून ब्रशनं घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत आणि पाणी भरलं की परत सुरू. महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका.

हां, तुमचा दुसरा प्रश्न. कापडी पिशवी, बाटली वगैरे तुम्ही करतच असाल, त्यावर काय लिहू. माझ्या मते सगळ्यात सोपी खरेदी म्हणजे पंखा. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसच्या आसपास, आणि नागपुरात पंखा फेब्रुवारी ते ऑक्टोबर दिवसरात्र फिरतो, म्हणजे कूलर-एसीच्या वादात न पडता जे वाचतं ते इथं वाचतं. सगळ्यात वरचा मजला असेल तर स्लॅबला पांढरा चुना नाहीतर कूल रूफचा पेंट मारून घ्या, अर्थात त्यालाही कमिटीची परवानगी लागेल.

म्हणूनच सांगतो, कूलर बुक करायच्या आधी स्टँडचं विचारा. बिल्डर तोंडी "होऊन जाईल साहेब" म्हणेल, त्यावर जाऊ नका, अजून सोसायटी त्याच्याच हातात असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या, कमिटी झाली असेल तर कमिटीकडून. अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर कळवा, माझ्याकडे आहे, सेक्रेटरीच्या सहीसकट.