पंपाखाली डिझेलचं डबकं

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरच्या रोटरी पंपातून (इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप) डिझेल ठिबकतंय. चिखलणी तोंडावर आहे. नवा पंप घ्यावा का?
– एक शेतकरी, मुरबाड (जि. ठाणे)

उत्तर : दादा, नव्या पंपाची घाई नको. पंप पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन चालू करा. पावडर पहिल्यांदा भिजेल तिथंच गळती. माझ्याकडे ठाण्यात दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पंपांत अ‍ॅक्सिलरेटरच्या शाफ्टची ओ-रिंग (रबरी कडी) कडक होऊन चिरलेली निघते. 2020 पासून देशभर कमी गंधकाचं डिझेल आलं, त्यात जुनं रबर आक्रसतं. म्हणून सीलचं किट व्हायटॉनचंच (डिझेलला टिकणारं रबर) मागा. वरून एम-सील थापू नका, कृपा करा! आतली झीज लपते.

मला खरी काळजी दुसरीच आहे. आत्ताच डिपस्टिक काढून बघा. ऑइल खुणेच्या वर असेल, डिझेलचा वास येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचं (पंप फिरवणाऱ्या दांड्याचं) सील गेलंय आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग गाडी अजिबात चालवू नका, पातळ ऑइलनं बेअरिंग जातात. सील बदला, ऑइल आणि फिल्टरही.

पंप उतरवताना फ्लँजवर (पंप इंजिनाला बसतो ती कड) टायमिंगची रेघ नसेल तर आधी ओढून घ्या, म्हणजे पंप पुन्हा त्याच जागी बसेल. बसवल्यावर डिझेलच्या नळ्यांतली हवा नीट काढा.