मर्गाट्रॉइडांचा माग

प्रश्न : माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यात शेतमजूर होते. आडनाव मर्गाट्रॉइड. एवढ्यावरून गाव सापडेल का?

उत्तर : ताई, आडनाव स्मिथ असतं तर मीही हात टेकले असते. मर्गाट्रॉइड हे मात्र मूळचं यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स परिसरातलं. तरी थेट तिथे उडी मारू नका, कागदोपत्री एकेक पिढी मागे जा. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनावही मिळतं. १८५१च्या जनगणनेत जन्मगाव लिहिलेलं असतं, १८४१च्या नाही. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या नोंदवह्यांत. त्या १५३८ पासून सुरू झाल्या, पण सगळीकडे टिकल्या नाहीत.

स्पेलिंगवर अडून बसू नका. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, आणि ज्याला अक्षरओळखच नाही तो काय दुरुस्त करणार? १७५४ नंतरच्या विवाहनोंदींत सहीच्या जागी कितीदा नुसती फुली असते. ती बघून मला दरवेळी गलबलून येतं.

मुलांची मधली नावंही नीट वाचा. पुष्कळ घरांत तिथे आईच्या माहेरचं आडनाव ठेवत, त्यातून आजोळचं कुटुंब हाती लागतं.