आवाज जागेवरच मिळतो

काल रात्री फोनवर मी चिडले. तू वाईहून शेवटच्या एसटीनं आला होतास, स्वारगेटला उतरल्या उतरल्या फोन केलास, मागे गाड्यांचा नुसता कल्ला चालला होता, आणि मी तुला धड बोलूही दिलं नाही. सकाळी चहा गाळताना ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे. पण ज्या वाक्यावर चिडले, ते वाक्य आजही मला तितकंच खुपतंय. तू म्हणालास, "ताई, दोन्ही दिवसांचा आवाज वाया गेलाय. आजींचे संवाद पुण्यात कोणाकडून तरी डब करून घेऊ का? सरसुद्धा तेच म्हणतायत."

कोणाकडून तरी?

तुझी पटकथा मी दोनदा वाचली आहे. बारा मिनिटांची फिल्म, वाडा विकायला निघालेला मुलगा, आणि घर सोडायच्या आदल्या दिवशी फडताळ आवरत बसलेली त्याची आई. सगळ्या फिल्ममध्ये आजींना मोजून नऊ वाक्यं आहेत. त्या नऊ वाक्यांसाठी तू महिनाभर वाईत हिंडलास. पुण्यातल्या दोन अनुभवी नटींना नाही म्हणालास आणि कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईंना घेतलंस. तेव्हा तूच मला काय म्हणाला होतास? "ताई, त्या 'नको' म्हणतात ना, ते ऐकून पोटात कालवतं." म्हणजे तू त्यांना घेतलंस ते त्यांच्या आवाजासाठी. आता चेहरा ठेवायचा आणि आवाज काढून टाकायचा, तर मग उरलं काय?

बाकीच्या ज्या अडचणी तू सांगितल्यास त्या मी ऐकल्या, पण त्या सुटतात. नातवाचं काम करणारा मुलगा मालिकेच्या ऑडिशनला पळाला, तर तुझ्या वर्गातला कोणी पाठमोरा उभा कर. घरमालक एका दिवसाचे दोन हजार जास्त मागतायत, तर त्यांच्यापुढे बस, हिशेब दाखव, थोडं कमी होतील. बॅटरी दगा देते, तर दुसरी भाड्यानं आण. हे सगळं पैशानं नाहीतर पाया पडून मिळतं. आवाज तसा मिळत नाही. आवाज जागेवरच मिळतो.

आता तुझ्या चुकीबद्दल, कारण ती चूक तू नशिबाच्या नावावर घातलीस. रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, तू रविवारी गेलास आणि शूटिंग ठेवलंस मंगळवार-बुधवारी. रविवारी वाडा शांत होता, कारण समोरची प्राथमिक शाळा बंद होती. मंगळवारी दहाला प्रार्थना सुरू झाली तेव्हा तुम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलात. ज्या वारी शूट, त्याच वारी आणि त्याच वेळेला रेकी करायची, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं? मी सांगितलं होतं, जूनमध्ये. लायटिंग बघायला तू तीन तास घालवलेस, खिडकीतून ऊन कुठे पडतं त्याचे फोटो काढलेस. आधीच्या एखाद्या मंगळवारी पाच मिनिटं डोळे मिटून पडवीत बसला असतास, तर एवढं झालं नसतं.

आणि ती बोअरची गाडी. शेजारच्या प्लॉटवर बोअर मारतायत म्हणून तू दोन दिवस हताश होऊन बसलास. एकदा तरी कुंपणापलीकडे जाऊन विचारलंस का, की बाबांनो जेवायला कधी थांबता? माणसंच आहेत ती. तासभर मशीन बंद असतं. पाणी लागलं की पाईप उतरवून ती दुसऱ्या गावाला जातात. शनिवारपर्यंत कदाचित तिथे कोणी नसेलही. तुला ते ठाऊक नाही, कारण तू विचारलंच नाहीस.

1931 साली मुंबईत आर्देशिर इराणींनी 'आलम आरा' केला, आपल्याकडचा पहिला बोलपट. त्यांचा स्टुडिओ होता रेल्वेच्या रुळांजवळ. आवाज अडवणाऱ्या भिंती नाहीत, आणि ध्वनी चित्रणाबरोबरच टिपायचा, नंतर दुरुस्त करायची सोय नाही. दिवसभर गाड्यांची ये-जा. मग त्यांनी केलं काय, तर गाड्या थांबल्या की रात्री शूटिंग. नटांनी रात्र-रात्र जागून काम केलं. तू तुझ्या फोनवर शेड्यूल बनवलंस त्यात उन्हाची वेळ होती, जेवणाची होती, परतीच्या एसटीची होती. शांततेची वेळ कुठे होती? वाईत पहाटे साडेपाचला काय ऐकू येतं ते जाऊन ऐक. आजींचा माजघरातला सीन आतल्या दिव्यावरचा आहे, त्याला ऊन लागतच नाही. तो तू दुपारी बारा वाजता का लावलास?

असो. रागावत बसले तर हे पत्र संपायचं नाही.

मी तुला माझ्या डिप्लोमा फिल्मबद्दल कधी सांगितलं नाही. 1993 ची गोष्ट. भोर तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघं गेलो होतो. जात्यावर दळणाऱ्या एका म्हातारीवर फिल्म. सोळा एमएमचा चावीचा कॅमेरा होता, पूर्ण चावी दिली तरी एका दमात अर्धं मिनिटही चालायचा नाही, आणि चालताना शिवणयंत्रासारखा खडखडायचा. शंभर फुटांचे सहा रोल मिळाले होते, एकेक पावणेतीन मिनिटांचा. त्यामुळे सगळं लक्ष फिल्म वाया जाऊ नये याच्यावर. नाग्रा रेकॉर्डर आम्ही सोबत नेला होता. पोलिश भाषेत त्या नावाचा अर्थच मुळी 'रेकॉर्ड करेल' असा आहे. तो मी जीपमध्येच ठेवला. कॅमेऱ्याचा एवढा खडखडाट, त्यात आवाज घेऊन करायचं काय, नंतर डब करू, असं मीच म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

म्हातारी दोन दिवस आमच्यासाठी दळत होती. गात होती. पीठ पडत होतं, जात्याचा खुंटा तिच्या तळहातात फिरत होता, आणि ओवीच्या शेवटच्या अक्षरावर तिचा आवाज थोडा फाटायचा, मग पुढच्या ओवीला पुन्हा जुळून यायचा. मी तो कानांनी ऐकला. टेपवर घेतला नाही.

तीन महिन्यांनी एडिट झालं आणि डबिंगची तारीख मिळाली, तोवर तिला अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. मग आम्ही 'कोणाकडून तरी' करून घेतलं. शहरातल्या एका गाणाऱ्या बाईंनी ओव्या म्हटल्या. सुरेल म्हटल्या, काही चुकलं नाही. फिल्मचं कौतुक झालं, मला चांगले मार्क मिळाले. प्रिंट घेऊन आम्ही गावात गेलो, शाळेच्या भिंतीवर पडदा बांधून दाखवली. म्हातारी तोवर गेली होती. तिचा मुलगा पुढे मांडी घालून बसला होता. आईचा चेहरा दिसला तसे त्याचे डोळे भरले. मग ओवी सुरू झाली. तो इकडेतिकडे बघायला लागला, जणू बाजूला कोणी दुसरीच बाई गातेय. संपल्यावर माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "ह्यो आवाज आईचा न्हाय."

तेवढंच. रागानं नव्हे. सांगून ठेवावं म्हणून.

त्याच सुमाराला हेमा रैरकर आणि गी प्वातवँ ही माणसं महाराष्ट्रभर गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा करत होती. लाखाच्या वर ओव्या त्यांच्या संग्रहात आहेत, आणि त्यातल्या कितीतरी त्या-त्या बायकांच्याच आवाजात रेकॉर्ड झालेल्या आहेत. मशीन घेऊन बायकांच्या ओसरीवर बसणारी माणसं होती. माझ्याकडेही मशीन होतं.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी निघताना नाग्रा चालतोय का ते बघायला आमच्यातल्या एकानं तो ओट्यावर ठेवून चालू केला होता. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. कोंबड्या, लांब कुठेतरी खोकणारा माणूस, आणि आतून तिचा आवाज, "च्या टाकू का गं, जायाच्या आदी?" ती टेप माझ्या कपाटात आहे. एक प्रत तिच्या मुलाला दिली. त्यानंतर मी हजारो तास आवाज रेकॉर्ड केला असेन, त्या चाळीस सेकंदांची बरोबरी कशालाच नाही.

लोक मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका मालिकेच्या सेटवर इमारतीचा पाण्याचा पंप बंद होईपर्यंत मी पाऊण तास शूटिंग थांबवलं होतं. निर्मात्यानं त्यानंतर मला बोलावलं नाही, आणि त्याचं बघून आणखी दोघांनी नाही. दोन वर्षं काम बेताचंच होतं. तरी मला ते चुकलं असं वाटत नाही. सीन होता बापलेकीचा, बाप पहिल्यांदा सॉरी म्हणतो तो. पंपाच्या घरघरीत ते 'सॉरी' कुणाला पोचलं असतं? नंतर स्टुडिओत माईकपुढे उभं राहून, हेडफोन लावून, पडद्यावरच्या ओठांवर नजर ठेवून तेच 'सॉरी' म्हणताना त्या नटाच्या घशात तो आवंढा पुन्हा आला असता का? मी वाट पाहिली म्हणून तो आला. मी बरोबर होते. आवाज जागेवरच मिळतो.

डबिंग वाईट असं मी म्हणत नाही. पावसाचा सीन असेल, हजार माणसांची जत्रा असेल, तर दुसरा मार्ग नसतो. आपल्याकडे कितीतरी वर्षं सगळंच डब व्हायचं, कारण कॅमेरे कर्कश होते, आणि त्यातून डबिंगचे मोठमोठे उस्ताद तयार झाले. पण ते एक वेगळं कसब आहे. पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या तुझ्या आजी पुण्यात येऊन काचेच्या खोलीत ते करू शकणार नाहीत, आणि दुसऱ्या कोणी केलं तर त्या तुझ्या आजी राहणार नाहीत.

आता शनिवार-रविवारचं ऐक. कॅमेऱ्यावर बसवलेला तो बोटभर माईक काढून टाक. तो आजींपासून आठ फुटांवर होता. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक: तीन वेळा निम्मं केलंस की अठरा डेसिबल, एक पैसा खर्च न करता. शाळा, बोअर, रस्ता तिथेच राहतात, आजी जवळ येतात. सगळी विद्या एवढीच आहे. कॅमेरा स्थिर धरणारं ते गिंबल परत कर आणि त्या भाड्यात रेकॉर्डर आणि गन माईक आण, समोरचाच आवाज टिपणारा लांबट माईक. बूमला, म्हणजे माईक वर धरायच्या काठीला, रंगाऱ्याचा लांब दांडा चालतो. माईक फ्रेमच्या वरून, तोंडाच्या दिशेनं तिरका. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेव, बोलणं मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू दे. क्लॅप नसेल तर हातानं टाळी वाजव, पण ती फ्रेममध्ये दिसली पाहिजे, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात.

कॉलर माईक लावायच्या भानगडीत पडू नकोस. आजींच्या लुगड्याला खळ असते, प्रत्येक हालचालीला खसखस येईल. काकणं काढायला सांगू नकोस. त्यांची आहेत, वाजू देत. फार आड आली तर एक टेक हात मांडीवर ठेवून घे.

माजघरात शहाबादी फरशी आहे, ती आवाज परत फेकते. फ्रेमबाहेर सगळीकडे गोधड्या अंथर, खुंट्यांवर टांग. फ्रीज बंद कर आणि तुझं पाकीट फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहील. घरमालकांचं दूध नासलं तर पुढच्या वर्षीच्या मुलांना तो वाडा मिळणार नाही.

मंगळवारचं चित्र चांगलं आलंय म्हणतोस ना? मग ते फेकू नकोस. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटली की आजींना त्याच जागी बसव, त्याच लुगड्यात, हातात तोच पितळी डबा दे. फोनवर त्यांना त्यांचा शॉट दाखव आणि कॅमेरा न लावता तीच वाक्यं तीन-तीनदा म्हणवून घे. ओठांशी जुळवायचा आग्रह धरू नकोस. नऊपैकी सहा तरी बसतील, बाकीच्यांना पाठमोरा शॉट किंवा डब्याचा क्लोजअप लाव. हेही जमलं नाही, तर ती वाक्यं काप. आजी काही न बोलता डबा पुसत बसल्या तरी मला कळेल. परक्या आवाजात बोलल्या तर नाही कळणार.

आणि प्रत्येक खोलीत, सगळं झाल्यावर, कोणी हलायचं नाही, मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. मुलं कुरकुरतील, जेवण थंड होतंय म्हणतील. त्यांना गप्प बसव. दोन शॉटच्या मध्ये जो खड्डा पडतो तो त्यानंच बुजतो, पण मी तेवढ्यासाठी सांगत नाहीये. तो वाडा विकला जाणार आहे, तूच म्हणालास. पुढच्या वर्षी तिथे पार्किंग असेल.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. दोन जाड गोधड्या आणि माझा जुना हेडफोन बांधून ठेवते. हेडफोनचा डावा कान सैल आहे, वायर मुठीत धरून ठेवावी लागते. सरांना काय सांगायचं ते मी बघते. आणि रविवारी रात्री स्वारगेटला उतरलास की फोन करू नकोस, झोप. सोमवारी मला फक्त ते माजघराचं एक मिनिट पाठव.